तालिन : तटाच्या आत आणि तटाबाहेर

समुद्रमार्गाने एखाद्या नगरात जाणे आणि रेल्वेने किंवा विमानाने तेथे पोहोचणे, यांत मोठे अंतर आहे. रेल्वे प्रवाशाला बहुधा नगराच्या परसदारी नेऊन सोडते. विमान त्याला गावाबाहेरच्या माळावर उतरविते. जहाज मात्र नगराच्या दर्शनी दारापाशी येऊन उभे राहते. ज्या वाटेने पूर्वी राजे आले, व्यापारी आले, सैन्ये आली आणि रोगराईही आली, त्याच वाटेने आजचा प्रवासी त्या नगरात पाऊल टाकतो. म्हणून बंदराच्या नगराचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल, तर धक्क्यापासून आरंभ करणे हीच सोयीची रीत होय.

बाल्टिक समुद्राचा जो फाटा पूर्वेकडे सेंट पीटर्सबर्गपर्यंत गेला आहे, त्याला फिनलंडचे आखात म्हणतात. या आखाताच्या दक्षिण तीरावर, हेलसिंकीच्या समोर सुमारे ८० किलोमीटरांवर, एस्टोनिया या छोट्या देशाची राजधानी तालिन वसलेली आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत येथे पर्यटकांची मोठमोठी जहाजे येतात. पूर्वी यांतील बहुतेक जहाजे येथून सेंट पीटर्सबर्गला जात. २०२२ साली युक्रेनवर रशियाचे आक्रमण झाल्यानंतर ते नाव त्यांच्या मार्गपत्रकातून गळाले, तालिनचे राहिले. सकाळी जहाज धक्क्याला लागते, सायंकाळी दोर सुटतात. मधल्या सहा-सात तासांत प्रवाशांचे थवेच्या थवे जुन्या नगरात शिरतात, मनोरे पाहतात, बदामाची मिठाई विकत घेतात आणि वेळेवर परततात. आठशे वर्षांचे नगर सहा तासांत पाहावयाचे, या कल्पनेस आपण हसू. परंतु तालिनच्या बाबतीत ते हसणे फारसे योग्य ठरणार नाही. कारण थोडा वेळ थांबून पुढे जाणाऱ्या माणसांवरच हे नगर आजवर जगत आले आहे. प्रश्न वेळेचा नाही. त्या वेळात आपण कोणाचे नगर पाहून येतो, हा खरा प्रश्न आहे.

धक्क्यावरून दहा-पंधरा मिनिटे चालले की नगराचा तट लागतो. वेशीपाशीच एक अवाढव्य बुरूज आहे. त्याचे नाव जाडी मार्गारेट. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या या बुरुजाचा व्यास २५ मीटर आहे. आज त्यात समुद्रविषयक संग्रहालय आहे आणि चौदाव्या शतकातील एका मालवाहू गलबताचा सांगाडा तेथे मांडून ठेवलेला आहे. हे गलबत २०१५ साली समुद्रात नव्हे, तर शहरात एका इमारतीचे काम चालू असताना जमिनीत सापडले. हिमयुगातील बर्फाच्या भाराखाली दबलेली ही भूमी तो भार गेल्यापासून हळूहळू वर येत आहे आणि समुद्र मागे हटत आहे. जेथे पूर्वी गलबते तरंगत होती, तेथे आज रस्ते आणि घरे आहेत.

या नगराच्या नावातच त्याच्या इतिहासाची किल्ली आहे. १२१९ साली डेन्मार्कचा राजा दुसरा वाल्देमार याने येथे उतरून स्थानिक लोकांचा डोंगरी किल्ला जिंकला. लढाई हातची जात असताना आकाशातून लाल वस्त्रावर पांढरा क्रूस असलेले निशाण खाली आले आणि डेन लोकांना जय मिळाला, अशी दंतकथा आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रध्वजाची उत्पत्ती तेथून सांगतात. तालिन या शब्दाचा अर्थही सामान्यतः ‘डेन लोकांचे नगर’ असाच लावला जातो. म्हणजे एस्टोनियन लोक आपल्या राजधानीस ज्या नावाने संबोधतात, ते नावच ‘हे परक्यांचे गाव’ असे सांगते. जर्मन लोक तिला रेव्हाल म्हणत आणि १९१८ पर्यंत जगाच्या नकाशावर तेच नाव होते.

डेन राजांनी किल्ला घेतला, तरी बाजारपेठ उभारली ती जर्मन व्यापाऱ्यांनी. १२४८ साली नगराला ल्युबेक या जर्मन बंदराचा नगरकायदा मिळाला आणि पुढे हान्सा नावाच्या प्रसिद्ध व्यापारी नगरसंघात त्याचा समावेश झाला. १३४६ साली डेन्मार्कच्या राजाने आपला हा सारा मुलूख ट्यूटन नावाच्या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला १९,००० मार्क चांदी घेऊन विकून टाकला. घराचे खरेदीखत व्हावे तसा हा व्यवहार झाला. त्यात राहणाऱ्या माणसांस कोणी विचारले नाही, हे सांगावयास नकोच.

तालिन हे मिठावर उभे राहिलेले नगर आहे, असे तेथे म्हणतात, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. या थंड प्रदेशात मासे आणि मांस हिवाळाभर टिकविण्यास मीठ हवे. आणि स्थानिक समुद्राचे पाणी इतके गोडसर की त्यापासून मीठ निघणे कठीण. तेव्हा पश्चिमेकडून, विशेषतः फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरून, मीठ गलबतांनी येई. त्याबरोबर फ्लँडर्सचे कापड, हेरिंग मासे, मद्य आणि मसाले येत. पूर्वेकडून नोव्हगोरोदच्या बाजूने मेण आणि जनावरांची केसाळ कातडी येई. एस्टोनियाच्या शेतांतून राय नावाचे धान्य आणि जवसाचा ताग येई. नगराजवळ एक मोलाचा हक्क होता. रशियाकडे जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या व्यापाऱ्याने येथे थांबलेच पाहिजे आणि आपला माल येथे विक्रीस मांडलाच पाहिजे, असा तो दंडक होता. वाटसरूस थांबविणे हाच या नगराचा धंदा होता. आज वाटसरू आपखुशीने थांबतात, एवढाच काय तो फरक.

वेशीतून आत गेल्यावर पिक्क म्हणजे ‘लांब’ या नावाचा रस्ता लागतो. प्रवाशांचे सारे थवे याच रस्त्याने जातात. प्रथम संत ओलाफचे देवालय दिसते. त्याचा सुमारे १२४ मीटर उंचीचा सुळका समुद्रावरून खलाशांना खुणेसारखा उपयोगी पडे. वीज पडून तो अनेकदा जळाला आणि अनेकदा पुन्हा उभारला गेला. पुढे व्यापाऱ्यांची घरे लागतात. त्यांच्या माथ्याशी कप्पी बसविण्याची तुळई अद्याप दिसते. खाली कुटुंब राहत असे आणि वरचे मजले ही वखार असे. गोणी दोरांनी ओढून वर घेत. याच रस्त्यावर अविवाहित व्यापाऱ्यांच्या ‘काळी डोकी’ या नावाच्या बंधुसंघाची वास्तू आहे. त्यांचा संरक्षक संत मॉरिस हा आफ्रिकी वर्णाचा मानला जाई, म्हणून हे नाव पडले. १५९७ मधील तिची नक्षीदार दर्शनी बाजू पाहण्यासारखी आहे. लग्न झाले की या तरुणांनी थोर व्यापारीसंघात जावयाचे आणि पुढे त्यांच्यांतूनच नगरपालक निवडले जावयाचे. १४१० साली पुरे झालेले त्या थोर संघाचे सभागृह आज एस्टोनियाच्या इतिहासाचे संग्रहालय झाले आहे.

रस्ता संपला की १४०४ साली पूर्ण झालेले नगरभवन आणि त्यासमोरचा चौक येतो. चौकाच्या कोपऱ्यात औषधांचे एक दुकान आहे. १४२२ सालच्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख सापडतो आणि ते आजही चालू आहे. त्या काळी युरोपात औषधांत आणि स्वयंपाकात पडणारे काळे मिरे मुख्यतः आपल्या मलबार किनाऱ्यावरून जात असत. अनेक हातांतून आणि अनेक जकातींतून जाऊन ते चिमूटभर मिरे या थंड बंदरात पोहोचत, तेव्हा त्यांची किंमत काय होत असेल, याची कल्पना आपणच करावी.

येथवरचे तालिन हे व्यापाऱ्यांचे तालिन होय. ते सुंदर आहे, आणि सहा तासांच्या प्रवाशाला तेच दाखविले जाते. परंतु त्या कप्पीचा दोर कोण ओढीत होते? मिठाच्या गोणी धक्क्यापासून वखारीपर्यंत कोणाच्या पाठीवरून येत होत्या? तटाचे दगड कोणी घडविले? ही बहुतेक कामे एस्टोनियन लोक करीत. हमाल, गाडीवान, नावाडी, पाथरवट, मोलकरणी, दूधवाल्या, हे सारे त्यांच्यातले. नगराच्या जुन्या दप्तरांत त्यांचा उल्लेख ज्या जर्मन शब्दाने येतो, त्याचा अर्थ ‘बिनजर्मन’ असा आहे. आपल्याच भूमीत एका समाजाला, तो काय आहे यावरून नव्हे, तर तो काय नाही यावरून नाव मिळाले. तटाबाहेरच्या खेड्यांतील त्यांच्या भाऊबंदांची स्थिती याहून वाईट होती. ते जमीनदारांचे भूदास होत चालले होते. १३४३ साली संत जॉर्जच्या रात्री त्यांनी मोठे बंड केले आणि तालिनला वेढा घातला. ते बंड निष्ठुरपणे मोडण्यात आले. डेन राजाने हा मुलूख विकला, त्यामागे हे बंडही एक कारण होते.

या इतिहासात १५३५ हे वर्ष मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. पहिली अशी, की योहान फोन उक्स्क्युल नावाच्या एका बड्या जमीनदारास, आपल्या भूदासाचा जीव घेतल्याच्या आरोपावरून, तालिनच्या नगरसभेने पकडले, त्याचा न्याय केला आणि वेशीपाशी त्याचा शिरच्छेद केला. नगराच्या कायद्यापुढे सरदारही सुटत नाही, हे नगरसभेला दाखवावयाचे होते. सरदारवर्ग अर्थातच खवळला. आणि समेटाखातर ती वेस पुढे भिंत घालून बंद करण्यात आली, असे सांगतात. येथे नगरसभेच्या न्यायबुद्धीची स्तुती करण्यापूर्वी थोडे थांबावे. भूदासावरील दयेपेक्षा सरदारांशी चाललेली सत्तेची चुरस तिच्या मनात अधिक असावी. तरी एका खेडुताच्या प्राणाबद्दल एका सरदाराचे मस्तक गेले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

दुसरी गोष्ट त्याहून शांतपणे घडली. त्याच वर्षी जर्मनीतील विटेनबर्ग येथे एक लहानसे धर्मपाठाचे पुस्तक छापले गेले. सिमोन वानराट आणि योहान कोएल या तालिनच्या दोन धर्मोपदेशकांचे ते काम होते. आणि त्यातील एक बाजू एस्टोनियन भाषेत होती. ज्याचा मजकूर थोडाफार तरी हाती आहे, असे एस्टोनियन भाषेतील पहिले छापील पुस्तक ते हेच. १९२९ साली एका जुन्या पुस्तकाच्या बांधणीत त्याची काही पाने सापडली, तेव्हा ते अस्तित्वात होते याचा पुरावा मिळाला. कोएल ज्या पवित्र आत्म्याच्या देवालयात उपदेश करी, ते थोर संघाच्या सभागृहासमोरच आहे. ते लहान आहे, पांढरे आहे, आणि त्याच्या भिंतीवर सतराव्या शतकातील रंगीत घड्याळ आहे. प्रवासी त्या घड्याळाचे छायाचित्र घेतात आणि पुढे जातात. परंतु हमाल आणि मोलकरणी यांना त्यांच्या बोलीत प्रवचन ऐकावयास मिळे, ते हे ठिकाण होय. याच देवालयात पुढे बाल्थासार रुसोव्ह हा धर्मोपदेशक होता. त्याने १५७८ साली लिव्होनियाचा प्रसिद्ध वृत्तांत प्रसिद्ध केला. झार इव्हान याच्या सैन्याने तालिनला घातलेले वेढे त्याने स्वतः पाहिले होते. तो एका एस्टोनियन गाडीवानाचा मुलगा असावा, असे मत एका इतिहासकाराने मांडले, आणि यान क्रोस या कादंबरीकाराने विसाव्या शतकात त्यावर मोठी कादंबरी लिहिली. रुसोव्हने ग्रंथ लिहिला तो मात्र जर्मन बोलीत. शहाण्या माणसाने लिहावयाची भाषा तीच, असा तो काळ होता.

चौकातून वर चढले की तूमपेआ नावाची टेकडी लागते. येथे राज्यकर्ते, बिशप आणि सरदार राहत. खालचे व्यापारी नगर आणि वरचे सरदारी नगर ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दोन वेगळी गावे होती. दोघांमध्ये तट होता आणि रात्री दरवाजे बंद होत. वर जाणाऱ्या दोन वाटांना ‘लांब पाय’ आणि ‘आखूड पाय’ अशी नावे आहेत, म्हणून तालिन लंगडत चालते, अशी तेथे थट्टा करतात. टेकडीवरच्या जुन्या प्रधान देवालयात सरदारांच्या घराण्यांची लाकडी कोरीव मानचिन्हे भिंतींवर दाटीने लावलेली आहेत. तेथेच आदाम योहान फोन क्रुझेनस्टर्न या दर्यावर्दीची समाधी आहे. त्याने १८०३ ते १८०६ या काळात रशियाच्या पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेचे नेतृत्व केले. त्यापूर्वी इंग्रजी आरमारात उमेदवारी करीत असताना तो हिंदुस्थानापर्यंत येऊन गेला होता.

आता एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. युरोपातील इतर बंदरांत जुने मोडून नवे बांधले गेले. येथे मध्ययुग इतके जसेच्या तसे कसे राहिले? आजही तटाचा सुमारे दोन किलोमीटरांचा भाग आणि वीसाहून अधिक बुरूज उभे आहेत. याचे एक मोठे कारण वैभव नसून दारिद्र्य आहे. १५६१ पासून नगर स्वीडनकडे होते. १७१० साली, मोठ्या उत्तर युद्धात, ते झार पीटरच्या सैन्यास शरण गेले; त्याच वर्षी प्लेगने बहुतेक लोकवस्ती पुसून टाकली. व्यापाराचा ओघ पीटरने नव्याने वसविलेल्या सेंट पीटर्सबर्गकडे वळला. तालिनजवळ जुनी घरे पाडून नवी बांधण्यास पैसा उरला नाही, म्हणून जुनी घरे राहिली. १९९७ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत ज्याचा समावेश झाला, ते सौंदर्य बऱ्याच अंशी व्यापार उठून गेलेल्या पेठेचे सौंदर्य आहे.

पुढे १८१६ च्या कायद्याने एस्टोनियातील भूदास मुक्त झाले, जमिनी मात्र जमीनदारांकडेच राहिल्या. १८७० साली लोहमार्गाने तालिन सेंट पीटर्सबर्गशी जोडले गेले, कारखाने आले आणि खेड्यांतील माणसे कामासाठी शहरात लोटली. १८६९ साली तार्तू येथे पहिला राष्ट्रीय गीतमहोत्सव झाला. १८८० साली तो प्रथम तालिनमध्ये भरला. ज्या लोकांजवळ राजवंश नव्हता, सैन्य नव्हते, दगडी वाडे नव्हते, त्यांनी आपली भाषा समूहगायनात सांभाळली. १९०४ च्या निवडणुकीत एस्टोनियन आणि रशियन प्रतिनिधींच्या युतीने जर्मन पुढाऱ्यांकडून नगरसभा घेतली. आणि २४ फेब्रुवारी १९१८ रोजी याच नगरात स्वातंत्र्याची घोषणा झाली. हमालांची आणि गाडीवानांची नातवंडे तटाच्या आत आली, ती मालक म्हणून.

ते स्वातंत्र्य बावीस वर्षे टिकले. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी गुप्त कराराने पूर्व युरोप वाटून घेतला. त्यानंतर दोनच महिन्यांत तालिनच्या धक्क्यावरून एक विलक्षण प्रस्थान सुरू झाले. सातशे वर्षे येथे राहिलेला जर्मन समाज हिटलरच्या हाकेसरशी जहाजांत बसून निघून गेला. पहिले जहाज ऑक्टोबर १९३९ मध्ये सुटले. काही महिन्यांत तेरा हजारांहून अधिक लोक गेले. ज्यांच्या पूर्वजांनी ती घरे, ती सभागृहे, ती देवालये बांधली, त्यांनी पेट्या भरल्या आणि किल्ल्या मागे ठेवल्या. त्यांतील पुष्कळांना, पोलिश लोकांना हुसकून मोकळ्या केलेल्या घरांत वसविण्यात आले. एका उखडण्यातून दुसरे उखडणे कसे निपजते, याचे हे एक उदाहरण होय.

१९४० साली सोव्हिएत सत्ता आली. जून १९४१ मध्ये सुमारे दहा हजार माणसे सैबेरियाकडे व इतरत्र रवाना झाली. मग जर्मन सैन्य आले; देशात मागे राहिलेले सुमारे एक हजार ज्यू जवळजवळ सर्व मारले गेले. ९ मार्च १९४४ च्या रात्री सोव्हिएत विमानांनी तालिनवर बॉम्बफेक केली. शेकडो माणसे मेली, हार्यू रस्त्याची एक बाजू नाहीशी झाली आणि संत निकोलसचे देवालय जळाले. तेथील बर्न्ट नोटके याचे ‘मृत्यूचे नृत्य’ हे पंधराव्या शतकातील चित्र आधीच हलविले होते, म्हणून त्याचा साडेसात मीटरांचा तुकडा आज पाहावयास मिळतो. पोप, सम्राट आणि सम्राज्ञी यांचे हात धरून मृत्यू त्यांना नाचवीत आहे, असे ते चित्र आहे. त्याच शरद ऋतूत हजारो एस्टोनियन लहानमोठ्या होड्यांतून स्वीडनकडे पळाले. सोव्हिएत सत्ता पुन्हा आली, आणि मार्च १९४९ मध्ये आणखी वीस हजारांहून अधिक लोक हद्दपार झाले. पिक्क रस्त्यावरील ५९ क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात गुप्त पोलिसांच्या कोठड्या होत्या, आणि संत ओलाफच्या सुळक्याचा उपयोग त्यांच्या रेडिओयंत्रणेसाठी होई. खलाशांना वाट दाखविणारा मनोरा माणसांवर पाळत ठेवू लागला.

पर्यटकांचा ओघ या काळात अगदीच थांबला होता असे नाही. १९६५ पासून हेलसिंकीहून नियमित बोट सुरू झाली. १९७२ साली परदेशी पाहुण्यांसाठी विरु नावाचे उंच हॉटेल उघडले. त्याच्या २३व्या मजल्यावरून पाहुण्यांचे बोलणे चोरून ऐकले जाई. आज तो मजलाच संग्रहालय म्हणून दाखविला जातो. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील शिडांच्या नौकांच्या शर्यती तालिनमध्ये झाल्या. पाहुण्यांना नगर दाखविले जात होते. परंतु नगर त्यांच्याशी मोकळेपणे बोलू शकत नव्हते.

ते बोलले, ते गाण्यातून. नगराच्या पूर्वेस, समुद्राजवळच्या उतारावर, १९६० साली बांधलेला गीतमहोत्सवाचा भव्य कमानदार मंच आहे. लिडिया कोइदुला या कवयित्रीच्या मातृभूमीवरील कवितेला गुस्ताव एर्नेसाक्स यांनी लावलेली चाल तेथे राष्ट्रगीताप्रमाणे गायिली जाई. सप्टेंबर १९८८ मध्ये या मैदानावर तीन लाखांच्या घरात लोक जमले, असे सांगतात. देशाची लोकसंख्या तेव्हा सोळा लाखांच्या आतच होती. २३ ऑगस्ट १९८९ रोजी, त्या गुप्त कराराच्या पन्नासाव्या स्मृतिदिनी, तूमपेआच्या किल्ल्यापासून लॅटव्हियामार्गे लिथुआनियातील व्हिल्नियसपर्यंत सहाशे किलोमीटरांहून लांब मानवी साखळी उभी राहिली. २० ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्याची पुन्हा घोषणा झाली. एस्टोनियात या लढ्यात रक्तपात झाला नाही.

येथे गोष्ट संपवावी, असा मोह होतो. परंतु ‘हे नगर कोणाचे?’ हा प्रश्न संपलेला नाही. सोव्हिएत काळात कारखान्यांत आणि बंदरांत काम करण्यासाठी रशियन भाषिक मोठ्या संख्येने आले; १९८९ च्या जनगणनेत तालिनमध्ये एस्टोनियन निम्म्याहूनही किंचित कमी होते. त्या कामगारांची मुले आणि नातवंडे येथेच जन्मली. १९४० नंतर येऊन वसलेल्यांना नागरिकत्वासाठी एस्टोनियन भाषेची परीक्षा द्यावी लागली आणि कित्येक जण कोणत्याच देशाचे नागरिक न होता राहिले. एप्रिल २००७ मध्ये सोव्हिएत सैनिकाचा कांस्यपुतळा नगराच्या मध्यभागातून लष्करी दफनभूमीत हलविण्यात आला, तेव्हा दंगल उसळली. २०२४ पासून सर्व शाळांत टप्प्याटप्प्याने एस्टोनियन माध्यम आणण्यास आरंभ झाला आहे. ज्या भाषेस सातशे वर्षे दाराबाहेर ठेवले, तिला आपले घर भक्कम करावेसे वाटणे समजण्याजोगे आहे. लहान राष्ट्राची भीती मोठ्या राष्ट्राने हसण्यावारी नेऊ नये. परंतु एखाद्या समाजाला, तो काय नाही यावरून ओळखले जाण्याचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांनीच ते दुसऱ्याच्या वाट्यास येऊ नये म्हणून जपावे, ही अपेक्षाही न्याय्य आहे. हे दोन्ही कसे साधावयाचे, हा तालिनचा आजचा प्रश्न आहे, आणि तो सोडविण्याचा अधिकार तेथे राहणाऱ्यांचा आहे.

परतीच्या वाटेवर, जाड्या मार्गारेटजवळ, एक स्मारक आहे. उंचावरून निघालेली काळी कमान मध्येच तुटलेली आणि तिचे दुसरे टोक दूर, असे त्याचे रूप आहे. २८ सप्टेंबर १९९४ च्या रात्री तालिनहून स्टॉकहोमला निघालेली ‘एस्टोनिया’ ही बोट वादळात बुडाली आणि ८५२ माणसे गेली, त्यांचे ते स्मारक होय. समुद्राने या नगराला मीठ दिले, धन दिले, पळून जाण्याची वाट दिली. आणि स्वातंत्र्याच्या चौथ्याच वर्षी हा घावही दिला.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाचे जहाज कधी या बंदरास लागले, तर मनोरे अवश्य पाहावेत. त्यांसारखे मनोरे अन्यत्र विरळा. परंतु सहा तासांतील अर्धा तास त्या लहानशा पांढऱ्या देवालयासाठी राखून ठेवावा आणि एक तास गीतमहोत्सवाच्या मैदानासाठी. तेथे पाहण्यासारखे फार काही नाही. गवताचा उतार आहे, रिकामी कमान आहे आणि पलीकडे समुद्र आहे. पण तटाच्या आत ज्यांची घरे नव्हती, ते लोक या नगराचे धनी कसे झाले, हे त्या उतारावर उभे राहिले असता जितके कळते, तितके नगरभवनापुढच्या चौकात कळत नाही.